चौकट तीच, कोडं नवं

दिवाळी जवळ आली की विशेष मुलांच्या कार्यशाळांमध्ये पणत्या रंगवायची लगबग सुरू होते. त्याआधी राख्या झालेल्या असतात, पुढे मेणबत्त्या येतात, आणि कागदी पिशव्या, पाकिटं, फायली यांचं काम वर्षभर चालूच असतं. या वस्तू आपण आवर्जून विकत घेतो आणि घ्यायलाच हव्यात. त्यामागे शिक्षकांची आणि पालकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. तपासायला हवी ती त्यामागची एक समजूत. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला आवडते, तेव्हा त्याला तसंच काम द्यावं, अशी ती समजूत आहे. पदवी घेतलेल्या मुलामुलींच्याही वाट्याला ती येते. ‘तुला माणसांत मिसळायचा त्रास होतो ना, मग एका जागी बसून करायचं काम बरं,’ असं म्हणत घरचे डेटा एन्ट्रीची नोकरी शोधून देतात. काहींना ती मानवते. काहींना मात्र सहा-आठ महिन्यांत तिथे जाणं असह्य होतं. मग नोकरी सुटते आणि ‘याचं कुठेच टिकत नाही’ असा शिक्का बसतो.

ही समजूत अगदीच निराधार नाही. १९४३ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ऑटिझमच्या आजच्या निदानाची सुरुवात त्या लेखापासून धरतात. मुलांचं एकटेपण आणि सगळं जसंच्या तसं राहावं हा त्यांचा हट्ट, या दोन गोष्टी कॅनरना ठळक दिसल्या. खुर्चीची जागा हलली, रोजचा रस्ता बदलला, तरी मूल कासावीस होई. अठ्ठावीस वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा माग काढला. काहींचं आयुष्य मोठ्या संस्थांच्या भिंतींआड विझून गेलं होतं. ज्या दोघांचं चांगलं चाललं होतं त्यांतले एक, डॉनल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावी बँकेत नोकरी करत होते. दुसरे एका सरकारी कार्यालयात प्रती काढायचं यंत्र चालवत होते आणि त्यांचे वरिष्ठ त्यांच्यावर खूश होते. ठरावीक, शांत, कधी न बदलणारं काम म्हणजेच स्वमग्न माणसाचं यश, हे चित्र अशा नोंदींमधून सहज उभं राहतं.

डॉनल्ड यांचं पुढचं आयुष्य मात्र या चित्रात मावत नाही. आजोबांनी उभ्या केलेल्या त्याच बँकेत ते साठ-पासष्ट वर्षं गेले, त्याच गावात राहिले, गोल्फचा रोजचा नेम त्यांनी सोडला नाही. आणि याच माणसानं एकट्यानं हिंडून तीसहून अधिक देश पाहिले. सहल पाच-सहा दिवसांची, मग परत गाव, परत बँक. २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी ते गेले. ज्याला सारखेपणा हवा असतो तोच माणूस नवे देश शोधत फिरतो, यात मला विसंगती दिसत नाही. सारखेपणा हवा असतो तो भोवतालात: वेळ, जागा, माणसं, नियम, आवाज, उजेड. मनाला जे खाद्य लागतं ते रोज तेच असून भागत नाही. स्वमग्न माणसाच्या कामाचा विचार या एका फरकापासून सुरू व्हायला हवा, असं मला वाटतं.

लहान मूल खेळण्यातल्या गाडीची चाकं तासभर फिरवत बसतं, तोच सिनेमा पुन्हा पुन्हा लावतं, हे खरं. पण ती पुनरावृत्ती त्यानं स्वतः निवडलेली असते. दर खेपेला ते तिच्यात काहीतरी बारीक नवं टिपत असतं, किंवा भोवतीच्या गोंगाटातून सावरायला तिचा आधार घेत असतं. पाकिटाच्या कडेला दिवसभर गोंद लावणं ही दुसऱ्यानं आखून दिलेली पुनरावृत्ती. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो.

कंटाळा हा शब्द आपल्याकडे आळसाच्या शेजारी बसवला जातो. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची जी व्याख्या मांडली ती याच्या अगदी उलट आहे. मनाला कशात तरी गुंतायचं असतं, पण समोर आहे त्यात ते गुंतू शकत नाही, ही तगमग म्हणजे कंटाळा. आळशाला काही करायचंच नसतं. कंटाळलेल्याला करायचं असतं आणि ते सापडत नसतं. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी माणूस कामात कधी रंगून जातो याचा अभ्यास केला होता. अंगच्या कौशल्याला पेलेल इतपतच अवघड काम असलं की माणूस रंगतो. काम फार अवघड झालं तर धास्ती, फार सोपं झालं तर कंटाळा. स्वमग्न माणसाला सुरक्षित वाटावं म्हणून आपण काम सोपं करत जातो तेव्हा त्याची धास्ती कमी होतेच असं नाही, कारण ती बहुधा आवाजाची आणि माणसांची असते. कंटाळा मात्र नक्की वाढतो.

स्वमग्न मनात हा कंटाळा इतका तीव्र का होतो, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मोनोट्रॉपिझम या सिद्धांतात आहे. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये तो एका शोधनिबंधात सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं असं: लक्ष ही मर्यादित पुंजी आहे. बहुतेक माणसं ती एकाच वेळी अनेक गोष्टींत थोडी थोडी वाटून वापरतात. स्वमग्न मन ती एका वेळी एक-दोन गोष्टींतच, पण पूर्ण ताकदीनं ओततं. पाटाचं सगळं पाणी एका वाफ्यात सोडावं तसं हे होतं. तो वाफा तळापर्यंत भिजतो, आणि पाणी दुसरीकडे न्यायचं तर उठून दारं मोडावं लागतं. म्हणून आवडीच्या विषयात चार तास जेवणखाण विसरून बसणारी मुलगी आवड नसलेल्या कामात वीस मिनिटांत थकते. तिच्यात जिद्द कमी आहे असं नव्हे. लक्ष ज्या बाजूला वाहतंय तिथून ते ओढून आणायलाच तिची शक्ती खर्च होते, आणि प्रत्यक्ष काम करायला ती उरत नाही. त्यात कुणी मध्येच हाक मारली, फोन वाजला, की दारं मोडण्याचे कष्ट पुन्हा पहिल्यापासून.

काहींच्या बाबतीत याला आणखी एक पदर असतो. ऑटिझमबरोबर एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि सततच्या चुळबुळीची अडचण, अनेकांना असते. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास तो येतो. २०१३ पर्यंत अमेरिकी निदानपुस्तिकेच्या नियमाप्रमाणे ही दोन निदानं एकत्र देताच येत नसत. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या पुष्कळांना आपल्यातल्या अर्ध्या गोष्टीचं नावच ठाऊक नसतं. एक मन दिनक्रम मागतं, दुसरं मन त्याच दिनक्रमाला विटतं. दोन्ही खरी असतात आणि नोकरी शोधताना दोघांनाही विचारावं लागतं.

टेम्पल ग्रँडिन यांचं काम पाहिलं की हे दोन्ही एकाच नोकरीत कसं बसवता येतं ते कळतं. १९४७ साली जन्मलेल्या ग्रँडिन स्वमग्न आहेत आणि कोलोराडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. किशोरवयात त्या अ‍ॅरिझोनात मावशीच्या पशुपालन केंद्रावर राहायला गेल्या आणि गुरांत रमल्या. कत्तलखान्याकडे किंवा लसीकरणासाठी नेताना गुरं मध्येच का बिथरतात, हा प्रश्न त्यांनी धरला. उत्तर शोधायला त्या स्वतः गुरांच्या अरुंद वाटेत शिरल्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवर पडलेली सावलीची पट्टी, डबक्यात चमकणारा उजेड: माणसाच्या नजरेतून सुटणाऱ्या याच गोष्टींना गुरं अडत होती. पुढे त्यांनी भरीव भिंतींच्या वळणदार वाटा आखल्या आणि अमेरिकेतल्या मांसउद्योगात त्या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाऊ लागल्या.

त्यांच्या कामाची घडण बारकाईनं पाहावी. विषय आयुष्यभर एकच, गुरं आणि त्यांची भीती. नियम तेच, आराखड्याची भाषा तीच. पण प्रत्येक केंद्र वेगळं, जमिनीचा उतार वेगळा, उजेडाची दिशा वेगळी, म्हणून प्रत्येक ठिकाणी कोडं नवं. पुनरावृत्ती त्यांच्या कामात भरपूर आहे, पण त्यामुळे काम पातळ होत नाही. प्रत्येक नवं कोडं आधीच्या कोड्यांवर उभं राहतं आणि जाण खोल जाते. शिवाय काम मिळवण्याची त्यांची रीतही शिकण्यासारखी आहे. बोलण्यात आपण कमी पडतो हे ओळखून त्या ग्राहकापुढे आपल्या आराखड्यांची चित्रं आणि बांधून झालेल्या कामांचे फोटो मांडत. स्वतःला विकायचं नाही, काम विकायचं, हा सल्ला त्या आजही तरुणांना देतात.

१९९९ साली त्यांनी स्वमग्न व्यक्तींनी कोणतं काम निवडावं यावर एक लेख लिहिला. गल्ल्यावरचा रोखपाल, हॉटेलातला वाढपी, विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवरचा कर्मचारी, टेलिफोन ऑपरेटर ही कामं त्यांनी टाळायला सांगितली, कारण त्यांत एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धराव्या लागतात. हे अगदी योग्य. पण त्याच लेखात ज्यांना बोलता येत नाही किंवा कमी बोलता येतं त्यांच्यासाठी एक वेगळी यादी आहे: ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावणं, दुकानाच्या फळ्या भरणं, कारखान्यातली जुळणी, डेटा एन्ट्री. ग्रँडिनबद्दल मला अतिशय आदर आहे, तरी ही वाटणी मला मान्य नाही. बोलता न येणं आणि कंटाळा न येणं यांचा एकमेकांशी काय संबंध?

संबंध नाही, असं सुचवणारा एक महत्त्वाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉन्ट्रियलच्या लोरां मोत्रों यांच्या गटानं ३८ स्वमग्न मुलांची बुद्धी दोन प्रकारे मोजली. एक नेहमीची वेक्सलर चाचणी, जिच्यात तोंडी प्रश्नोत्तरं बरीच असतात. दुसरी रेव्हनची चाचणी, जिच्यात आकृत्यांमधला नियम ओळखून सुटलेली आकृती निवडायची असते आणि बोलावं जवळजवळ लागत नाही. इतर मुलांना दोन्ही चाचण्यांत साधारण सारखेच गुण पडतात. स्वमग्न मुलांना रेव्हनमध्ये सरासरी तीस शतमकांनी जास्त पडले. वेक्सलरनुसार त्यांच्यातली एक तृतीयांश मुलं मतिमंदत्वाच्या पट्ट्यात जात होती. रेव्हननुसार तिथे विसांतलं एखादंच उरलं. म्हणजे ज्यांना आपण सोप्यातलं सोपं काम देतो, त्यांच्यातल्या कित्येकांची झेप आपण मोजलेलीच नसते.

या अभ्यासाच्या पहिल्या लेखिका मिशेल डॉसन. त्या स्वतः स्वमग्न, आणि त्याआधी कॅनडाच्या टपाल सेवेत घरोघर पत्रं वाटायचं काम करत. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मोत्रों यांच्याशी ओळख झाली ती ऑटिझमवरच्या एका दूरचित्रवाणी माहितीपटाच्या निमित्तानं. मोत्रोंनी आपले काही शोधनिबंध त्यांना वाचायला दिले आणि त्यावर आलेले शेरे पाहून ते चकित झाले: त्या क्षेत्रातलं साहित्य डॉसन यांनी एकटीनं पिंजून काढलं होतं. २००३ पासून त्या मोत्रोंच्या प्रयोगशाळेशी संशोधक म्हणून जोडल्या गेल्या. २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मोत्रोंनी या सहकार्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं. आपण आधी कल्पना बांधतो आणि मग तिला पुरावा शोधतो, डॉसन आधी सगळी तथ्यं गोळा करतात आणि त्यांतून कल्पना वर येऊ देतात. दोन रीती एकत्र आल्यानं काम भक्कम झालं, असा त्याचा आशय. मोत्रोंनी त्यांना सोयीचं, सौम्य काम दिलं नाही. आपल्या गटातलं सर्वांत अवघड काम, म्हणजे पुरावा तपासणं, त्यांच्यापुढे ठेवलं.

आपल्या कार्यशाळांकडे या नजरेनं पाहिलं की काही जुनी दृश्यं वेगळी दिसू लागतात. न बोलणारा तरुण पाकिटं फाडतो, उठून खोलीभर चकरा मारतो, शेजारच्याचं सामान उधळतो. नोंदवहीत ‘वर्तन समस्या’ असं लिहिलं जातं आणि त्याला आणखी सोपं काम मिळतं. त्याचं पोट दुखत असेल, पंख्याचा आवाज बोचत असेल, ही शक्यता आधी पाहावीच. पण काम संपलेलं असणं, म्हणजे त्यातून घेण्यासारखं त्यानं केव्हाच घेऊन झालेलं असणं, हीसुद्धा एक शक्यता आहे. त्याच्या हाती एकदा तरी अवघड काहीतरी देऊन पाहायला हवं: नमुन्यावरून जोडायचं यंत्र, विणकामाची गुंतागुंतीची नक्षी, सुटे भाग वर्गवारीनं लावायची पेटी.

नोकरीच्या बाजारात स्वमग्न माणसांसाठी मोठी वाट उघडली ती डेन्मार्कमध्ये. थॉर्किल सोने दूरसंचार क्षेत्रात काम करत. त्यांच्या लार्स या मुलाला ऑटिझमचं निदान झालं होतं. एके दिवशी लार्सनं आठवणीतून युरोपचा एक नकाशा काढला, चौकटी आणि आकड्यांसकट. तो कुठल्या तरी रस्ते-नकाशाच्या पुस्तकातल्या अनुक्रमणिकेचा नकाशा होता आणि सोनेंनी ताडून पाहिला तेव्हा अचूक निघाला. २००४ मध्ये त्यांनी ‘स्पेशालिस्टर्न’ ही कंपनी काढली आणि स्वमग्न कर्मचारी घेऊन सॉफ्टवेअर चाचणीचं काम सुरू केलं. निवडीसाठी मुलाखतीवर भिस्त ठेवली नाही. उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव बांधायला आणि चालवायला दिले आणि ते काय करतात हे पाहिलं. २०१३ मध्ये जर्मनीच्या एसएपी कंपनीनं त्यांच्याशी करार केला, तेव्हा भारतातल्या बेंगळुरूच्या केंद्रात त्याचा पहिला प्रयोग आधीच झाला होता.

या लाटेमुळे शेकडो लोकांना सन्मानाची नोकरी मिळाली. तिच्याबरोबर एक नवा साचाही आला: ऑटिझम म्हणजे सॉफ्टवेअर चाचणी. आणि चाचणी या एका नावाखाली दोन अगदी भिन्न कामं आहेत. एकात लिहून दिलेल्या पायऱ्या क्रमानं करायच्या आणि बरोबर-चूक अशी खूण करायची. दर आठवड्याला तेच. दुसऱ्यात समोरची प्रणाली कुठे मोडेल हे शोधत जायचं, एक धागा सापडला की त्यामागे लागायचं, पुढची चाचणी काय असावी हे आत्ता हाती आलेल्या निकालावरून ठरवायचं. पहिलं काम आता बरंचसं यंत्राकडे गेलंय. कंटाळ्यानं बेजार होणाऱ्या माणसानं दुसरं मागावं. ‘टेस्टर हवा’ या जाहिरातीवरून दोन्हींतलं कोणतं ते कळत नाही. मुलाखतीत सरळ विचारावं लागतं की गेल्या महिन्यात या पदावरच्या माणसानं रोज काय केलं.

मग आपल्याजोगं काम ओळखायचं कसं? सगळे सांगतात, आवडीचा विषय बघ. पण आवड नुसत्या विषयावरून ओळखली तर फसगत होते. समजा एका मुलाला कोकण रेल्वेचं वेळापत्रक पाठ आहे. नातेवाईक म्हणतील, ‘अरे, रेल्वेत चिकट की!’ तो परीक्षा देईल, तिकीट खिडकीवर बसेल, आणि ग्रँडिन यांनी टाळायला सांगितलेल्या नेमक्या कामात अडकेल: गर्दी, सुटे पैसे, चिडलेले प्रवासी, आणि तेच ते तिकीट. त्याऐवजी तो त्या वेळापत्रकाचं करतो काय हे पाहायला हवं. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला दुसरी कुठल्या तरी स्थानकात क्रॉसिंगसाठी थांबते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं वेग कमी ठेवतात आणि सगळं वेळापत्रकच नव्यानं बसवतात. हा मुलगा जर जुनं आणि पावसाळी वेळापत्रक शेजारी ठेवून कुठलं क्रॉसिंग कुठे सरकलं ते काढत असेल, एक गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली तर पुढे कोणकोणत्या गाड्या अडतील ते मनात मांडत असेल, तर त्याची खरी आवड मर्यादित वाटांवर अनेक गोष्टी न आपटता बसवणं ही आहे. ती एसटीच्या फेऱ्यांच्या आखणीत आहे, मालवाहतुकीच्या नियोजनात आहे, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाच्या वेळा लावण्यात आहे, कारखान्याच्या उत्पादनाच्या आखणीत आहे. त्यानं रेल्वे सोडावी असं अजिबात नाही. रेल्वेतही हे काम करणारी माणसं असतात. फक्त नाम बघू नये, क्रियापद बघावं: जुळवणं, शोधणं, ताडून पाहणं, दुरुस्त करणं, वर्गवारी लावणं, बसवणं.

असं पाहिलं की कामांची संख्या एकदम वाढते, आणि ती सगळी पदवीवाल्यांचीच असतात असंही नाही. मोबाइल किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, हत्यारं आणि टेबल वर्षानुवर्षं तेच राहतं, पण येणारं प्रत्येक यंत्र आपला बिघाड घेऊन येतं. हिशेबतपासणीत रकमा भरण्यापेक्षा न जुळणारी रक्कम शोधणं वेगळं. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणं, वनस्पतिसंग्रहातले नमुने ओळखणं, कोशाच्या नोंदी तपासणं ही त्याच जातीची कामं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. १९१९ला सुरू झालेलं ते काम १९६६मध्ये पुरं झालं. पाठभेद नोंदवायची पद्धत पहिल्या पर्वापासून तीच, आणि प्रत्येक श्लोकाला प्रश्न नवा. अशी मोठी, संथ आणि खोल कामं समाजानं निर्माण करत राहायला हवीत. त्यात रमणारी माणसं आपल्यात आहेत.

नोकरी बदलण्याआधी मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण कंटाळा आणि थकवा यांची गल्लत फार होते. ट्यूबलाइटचा लुकलुकाट, शेजारच्यांचे फोन, एसीची घरघर, आणि दिवसभर ‘नॉर्मल’ दिसण्यासाठी चेहऱ्यावर आणि बोलण्यावर ठेवलेला पहारा: यानं माणूस महिनोन्‌महिने झिजत जातो. झोपूनही न जाणारी थकावट येते, पूर्वी जमणारी साधी कामं जमेनाशी होतात, आवडीचा विषयसुद्धा नकोसा होतो. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात आणि त्याला नवं काम हा इलाज नाही. तिथे विश्रांती आणि भार कमी करणं लागतं. फरक ओळखायची एक साधी रीत आहे. तेच काम सुटीच्या दिवशी घरी, दार लावून, शांततेत करून पाहावं. तिथे ते बरं वाटलं तर दोष जागेचा. तिथेही मन दहा मिनिटांत दुसऱ्या विषयाकडे धावलं आणि त्या विषयात ताजंतवानं झालं, तर दोष कामाचा. आवडीच्या विषयातही ताजेपणा आला नाही तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं.

कितीही मनाजोगी नोकरी असली तरी तिच्यात कंटाळवाणा भाग असतोच. तो दिवसाच्या एका ठरलेल्या वेळी एकगठ्ठा उरकावा. मध्ये मध्ये पेरला तर प्रत्येक वेळी लक्ष वळवण्याचा दंड भरावा लागतो. कुणीतरी शेजारी आपलं काम करत बसलं असलं की हे काम सोपं जातं, असा अनेकांचा अनुभव आहे. संगणकावरचं काम असेल तर ते आपोआप होईल अशी तजवीज करावी. रोज दोन तास आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात नेणाऱ्याला कंटाळ्यातूनच ती आज्ञावली लिहायची बुद्धी होते. असं केल्यावर वरिष्ठांना ते सांगावं आणि वाचलेल्या वेळात दुसरं काम मागावं. सहकाऱ्याशी अदलाबदलही करता येते: ठरलेलं, सरळ काम मनापासून आवडणारी माणसं प्रत्येक कार्यालयात असतात आणि त्यांना किचकट चौकशा नको असतात. आणि ज्याला घरच्या जबाबदारीपोटी कंटाळवाणी नोकरी सोडता येत नाही, त्यानं आपला विषय तरी सोडू नये. संध्याकाळचे दोन तास त्या विषयाला राखून ठेवण्याचा हक्क घरच्यांनी मान्य करावा.

ब्रिटनमध्ये रॉबर्ट बकलंड यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सरकारी पाहणीच्या २०२४च्या अहवालात, काम करण्याच्या वयातल्या दहा स्वमग्न व्यक्तींपैकी जेमतेम तिघांना नोकरी असल्याचं नोंदवलंय. अशा स्थितीत ‘मिळालीय ना, मग टिकव’ हे घरच्यांचं म्हणणं काळजीपोटी येतं, हे मला समजतं. पण आपल्याकडे कायद्यानं काही दारं उघडली आहेत, ती वापरली जायला हवीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. सरकारी आस्थापनांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांना मिळून आहे. त्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवरून ठरतं. तिच्यात चाळीस विधानं आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही असं धरतात. वर्षानुवर्षं स्वतःला झाकायला शिकलेल्या मोठ्या माणसाला तिथे कमी गुण पडू शकतात, म्हणून तपासणीला जाताना लहानपणच्या नोंदी आणि घरचं कुणीतरी बरोबर असावं.

खाजगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत, पण वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी व संपर्क अधिकारी यांचा उल्लेख हवा. कायद्यातली ‘वाजवी सोय’ म्हणजे नुसता उतार किंवा लिफ्ट नव्हे. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, भिंतीकडेची जागा, आवाज अडवणारे हेडफोन, अचानक बोलावण्याऐवजी आदल्या दिवशी कळवलेली बैठक, मुलाखतीऐवजी दोन दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवायची संधी, हे सगळं मागता येतं. त्यात आणखी एक मागणी घालावी, जी सहसा कुणी घालत नाही: कामाचा अवघडपणा. रुजू होतानाच वरिष्ठांशी ठरवून घ्यावं की दर सहा महिन्यांनी एकदा बसायचं आणि दोनच गोष्टी लिहून काढायच्या. कोणतं काम आता पुरतं शिकून झालं, आणि त्याच्या जागी पुढचं अवघड काम कोणतं.